काखेतली शिवण

कप्तानची बोट तिसऱ्यांदा ट्रॉलीवर चढली, तेव्हा मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते भिंतीवरचे पाने पुसत राहिले. पाने आधीच स्वच्छ होते. त्या वर्कशॉपमध्ये अस्वच्छ असं काही नव्हतंच. पाने आकाराप्रमाणे खिळ्यांवर टांगलेले, प्रत्येकाच्या मागे भिंतीवर त्याची पांढऱ्या रंगाने काढलेली आकृती. एखादा जागेवर नसला तर भिंतच चुगली करायची. नळ्या, तारा, दोऱ्या, जे जे म्हणून लोंबू शकतं ते ते प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधलेलं, आणि पट्टीचं उरलेलं शेपूट कापून, काडी पेटवून त्याचं टोक गोल भाजलेलं. कापलेलं टोक हाताला ओरखडा काढतं, आणि पुढच्या मेकॅनिकच्या हाताला ओरखडा काढणारं काम हे मिस्त्रींच्या मते कामच नव्हे. त्यांची बायको म्हणायची, मी बोलताना हात हलवते, तेवढेच काय ते यांना बांधता आलेले नाहीत.

कप्तान हा काही खरा कप्तान नव्हे. तलावाच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणारा बोटवाला. पण तीस वर्षं एकच टोपी घालून सुकाणू धरलं की माणसाला लोक कप्तानच म्हणतात. टोपी काढून त्याने ती गुडघ्यावर ठेवली आणि उपड्या पिंपावर बसला. काय झालं ते सांगायची गरज नव्हती. बोटीच्या मागे पाण्यावर पुन्हा तेलाचा सप्तरंगी तवंग आला होता, आणि त्याच तलावाचं पाणी गावाच्या नळाला येत होतं.

या बोटीचं इंजिन आत, मागच्या टोकाशी आहे, आणि पाठीच्या बाहेर लटकतो तो ड्राइव्ह. वर्कशॉपमध्ये त्याला पाय म्हणत. इंजिनाची ताकद या पायातल्या गिअरमधून खाली उतरते आणि तळाशी पंखा फिरतो. पायात गिअर ऑइल भरलेलं असतं. त्याचीच एक छोटी बाटली आत इंजिनाशेजारी बसवलेली असते. पायातलं तेल घटलं की बाटलीतली पातळी उतरते आणि चालवणाऱ्याला कळतं. कप्तानला दर दोन दिवसांनी कळत होतं.

महिन्याभरापूर्वी मिस्त्रींनी या पायाची वर्षाची सगळी कामं केली होती. पंधरा दिवसांत तेल यायला लागलं. ओघळ पंख्याच्या बुडख्याशी दिसला. तेल पंख्याशी आहे म्हणजे पंख्याचं सील गेलं, यात डोकं खाजवण्यासारखं काय आहे? मिस्त्रींनी पाय उतरवला, सील बदललं, पायात पंपाने पंधरा पाउंड हवा भरली आणि काट्याकडे बघत बसले. काटा दिवसभर हलला नाही. पाय बोटीला चढला, बोट पाण्यात गेली, आणि तवंग पुन्हा हजर. दुसऱ्या वेळी पुन्हा सील, पुन्हा पंधरा पाउंड, पुन्हा काटा खिळ्यासारखा स्थिर. त्या वेळी मिस्त्री कप्तानसमोर म्हणाले होते, "आता परत आलं आणि ते माझ्या हातच्या कामातून निघालं, तर माझं वय झालं असं समज. पाने खाली ठेवीन." माणसं अशी वाक्यं झोकात बोलून जातात आणि मग तीच उशाला घेऊन झोपतात. मिस्त्रींची झोप पार उडाली होती.

त्याला कारण होतं. मिस्त्रींच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि डावाही काही फार शहाणा राहिला नव्हता. ऑपरेशन ते आज ना उद्या करत पुढे ढकलत होते. गेलं वर्षभर सील बसवताना ते डोळ्यांनी कमी आणि अंगठ्याने जास्त बघत. सीलच्या ओठावरून अंगठा फिरवायचा, आतली बारीक स्प्रिंग जागेवर आहे का ते चाचपायचं, आणि ठोकायचं. हे कोणालाच ठाऊक नाही अशी त्यांची ठाम समजूत होती. तेव्हा तेल कुठून गळतंय हा प्रश्न कप्तानपुरता तेलाचा होता. मिस्त्रींच्या लेखी तो असा होता, की या हातांवर अजून भरवसा ठेवायचा की नाही.

"बाबा," सून म्हणाली, "आज मी बघू का? फक्त पाय उतरवू नका."

सून चार वर्षांपूर्वी वर्कशॉपमध्ये आली ती फोन उचलायला. मिस्त्रींचा मुलगा शाळेत गणित शिकवायचा आणि तेलाचा डाग शर्टाला लागेल म्हणून दारातूनच हाक मारायचा. ही मात्र पहिल्याच महिन्यात फोन खांद्याने कानाशी धरून कार्ब्युरेटर धुवायला लागली. तिच्या आईचं शिवणकामाचं दुकान होतं आणि पोरगी मशीनखालच्या चिंध्यांत लहानाची मोठी झालेली. बारीक काम तिच्या बोटांना कोणाला शिकवावं लागलं नाही. मिस्त्रींना तिचं कौतुक होतं, पण ते त्यांनी आजवर फक्त बायकोजवळ बोलून दाखवलं होतं, तेही दोनदाच.

"पाय उतरवल्याशिवाय सील कसं दिसणार?" त्यांनी विचारलं.

ती म्हणाली, सील बघायचंच नाही. मग तिने पायाच्या तळाचा स्क्रू जरासा सैल केला, थेंबभर तेल बोटावर घेतलं, दारातल्या उजेडात नेलं आणि परत येऊन ते बोट मिस्त्रींच्या नाकासमोर धरलं. गिअर ऑइलचा तो उग्र, डोक्यात जाणारा वास आला. तेल नितळ होतं, मधासारखं. पंख्याचं सील सारखं पाण्यात असतं, ती म्हणाली. ते फाटलं तर तेल बाहेर जाईल तसं थोडंफार पाणी आत येईल, आणि पाणी आलं की तेल दुधाळ होईल. इथे दूध नावालाही नाही. मग हे कसलं सील, जे देतं पण घेत नाही?

मिस्त्रींनी मान खाली घातली. दुधाळ तेलाची ही परीक्षा त्यांनीच तिला शिकवली होती, पहिल्याच वर्षी. ती स्वतःला का सुचली नाही याचं उत्तरही त्यांना ठाऊक होतं. पहिला तवंग दिसला त्या दिवसापासून ते बोटीत बिघाड शोधतच नव्हते. ते स्वतःत शोधत होते. भीती एकदा मानगुटीवर बसली की मेकॅनिकचं डोकं चालत नाही, आणि मिस्त्री भ्यायले होते, हे स्पष्टच सांगायला हवं.

मग जे काम सुरू झालं ते पाहण्यासारखं होतं. सुनेने पानाच हातात घेतला नाही. तिने पाय आधी रॉकेलने धुतला, मग साबणाच्या पाण्याने, मग कोरड्या फडक्याने पुसला. पुसायचं काम तिने मिस्त्रींना दिलं आणि त्यांनी ते मुकाट्याने केलं. कोपरा राहिला की ती नुसतं बोट दाखवायची. मिस्त्रींनी आयुष्यभर जेवढ्या हाताखालच्या माणसांना बोट दाखवलं होतं, त्या सगळ्यांचा हिशोब त्या सकाळी चुकता झाला. पाय असा स्वच्छ झाला की नवा असतानाही तो इतका नसेल. मग तिने कपाटातून शिवणकामाच्या खडूची पूड काढली, मलमलच्या कापडात पुरचुंडी बांधली आणि वरपासून खालपर्यंत पायावर हलक्या हाताने थोपटली. वरचं कडं, मागची धार, पंख्याचा बुडखा, सगळं पांढरंशुभ्र.

"बोटीला पावडर लावली," कप्तान म्हणाला. "आता आरसा दाखव म्हणजे झालं."

"दाखवणार आहे," सून म्हणाली, आणि बाटलीत तेल काठोकाठ भरून एका खोक्यावर बसली.

दोन तास गेले. ती खरोखर डोळ्यांत तेल घालून बसली होती. पूड पांढरी ती पांढरीच. कप्तानने टोपीची शिवण दोनदा तपासली. मिस्त्रींनी पुसलेले पाने पुन्हा पुसायला काढले. सरळ उभ्या, स्वच्छ, पांढऱ्या पायातून एक टिपूसही येत नव्हतं, आणि हाच पाय पाण्यात गेला की पुन्हा गळणार, याबद्दल तिघांच्याही मनात शंका नव्हती. कुठेतरी पाणी मुरत होतं.

सुनेने कप्तानला विचारलं, तवंग पहिल्यांदा कुठे दिसतो. कप्तान म्हणाला, धक्का सोडताना. नंतर मधल्या पाण्यात फारसा नाही, परत धक्क्याशी. धक्का सोडताना तो काय करतो? करणार काय, उजव्या हाताला खडक आहेत, तेव्हा सुकाणू सगळं डावीकडे तोडून निघावं लागतं. तीस वर्षं तसाच निघतो.

सून उठून उभी राहिली. तिने बोटीकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे. मिस्त्रींचा एक नियम होता. बोट ट्रॉलीवर आली की आधी सुकाणू सरळ, पाय नाकासमोर, मग बाकी सगळं. वाकड्या पायाच्या बोटीला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

"आपण याला सरळ उभा करूनच तपासतोय," ती म्हणाली. "आईच्या दुकानात ट्रायलला गिऱ्हाईक यायचं ना, ते ताठ उभं राहायचं. ताठ उभ्या माणसाच्या अंगावर कुठलाही कपडा नीट बसतो, बाबा. उसवतो तो हात वर केल्यावर, काखेत. आई म्हणून आधी हात वर करायला लावायची, मग आरसा दाखवायची. तुम्ही सुकाणूवर जा. पूर्ण डावीकडे घ्या."

मिस्त्री शिडीवरून वर चढले. सुकाणू फिरवताना त्यांना कसंसंच झालं, चारचौघांत अनवाणी उभं राहावं तसं. पाय डावीकडे वळला. त्यांनी सुकाणू धरून ठेवलं. पाच मिनिटं. दहा. मिस्त्रींच्या मनात आलं, या पोरीला मी शिकवलं असं लोक म्हणतात, आणि मी ते त्यांना म्हणू देतो. पण हे असं बसणं, हे न कंटाळता वाट बघणं मी हिला शिकवलेलं नाही. माझ्याकडे ते कधी नव्हतंच. मी ऐकून, वासावरून, धडाक्यात काम करणारा माणूस. त्यांना तिचा अभिमान वाटला, आणि सुकाणूवर एकटे असल्यामुळे त्यांनी तो वाटू दिला.

"आली," सून म्हणाली. मोठ्याने नाही.

पांढऱ्या पुडीत एक काळी रेघ उमटली होती, शिवणीच्या दोऱ्याएवढी बारीक. ती पंख्याशी सुरू होत नव्हती. पंख्याशी संपत होती. वर, पाय जिथे बोटीच्या पाठीला जोडला जातो त्या कड्याच्या मागून ती निघाली होती आणि पायाच्या मागच्या धारेने उतरत उतरत नेमकी पंख्याच्या बुडख्याशी येऊन थांबली होती. पंख्याचं सील बिचारं दोनदा फुकट बदनाम झालं होतं.

सुनेने पर्समधल्या पावडरच्या डबीतला छोटा आरसा काढला, बॅटरी दातांत धरली आणि कड्याच्या मागे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बॅटरी काढून ती साध्या आवाजात म्हणाली, "सापडलं. मी करते हे. बाबा, तुम्ही आणि कप्तान चहा पिऊन या."

मिस्त्री शिडीच्या शेवटच्या पायरीवर होते, तिथेच थांबले. चार वर्षांत या पोरीने त्यांना चहाला पाठवलं नव्हतं. आणि पाठवलं असतं तर येताना माझाही आणा असं सांगितल्याशिवाय राहिली नसती.

"आरसा दे," ते म्हणाले.

आरशात त्यांना धुकं आणि बॅटरीचा लखलखाट याखेरीज काही दिसलं नाही. त्यांनी आरसा परत केला आणि बाही वर सारून हात कड्याच्या मागे घातला. तिथे वीतभर लांबीची एक रबरी नळी असते. बाटलीकडचं तेल तिच्यातून पायात उतरतं. बोटांना नळी लागली. ताठ, तुटायला आलेली, पितळी जोडाशी ओलीचिंब. मग नळीवर एक पट्टी लागली. आणि मग अंगठ्याला पट्टीचं शेपूट लागलं, आखूड, गुळगुळीत, टोकाला गोल भाजलेलं.

अख्ख्या तलावाभोवती असं शेपूट करणारा एकच माणूस होता.

त्यांना सगळं आठवलं. महिन्याभरापूर्वी ही नळी सैल, कमानीसारखी लोंबताना हाताला लागली होती. लोंबती वस्तू मिस्त्रींना कुठे बघवते? त्यांनी ती ओढून कड्याला छान आवळून बांधली होती. पाय सरळ असताना ती अगदी मापात बसली होती. पण पाय डावीकडे वळला की नळी जोडापाशी ओढली जायची, केसाएवढी फट पडायची, चार थेंब बाहेर, आणि पाय सरळ झाला की फट बंद. दिवसभर पंधरा पाउंडावर तपासलेल्या पायात ती सापडणार कशी? तपासायला पाय उतरवला की नळी बोटीकडेच राहत होती.

मिस्त्रींनी हात बाहेर काढला, फडक्याला पुसला आणि कप्तानकडे वळले. "नळी मी बांधली होती," ते म्हणाले. "गळती माझ्या हातची आहे. दोन महिने तुझी बोट मी अडवली, सीलचं नाव सांगून."

"एकच महिना," कप्तान म्हणाला.

मिस्त्रींच्या खिशात एक पाना होता. तो त्यांनी काढला आणि खिळ्यावर न टांगता बाकावर आडवा ठेवला. भिंतीवरची त्याची पांढरी आकृती रिकामी राहिली. तो केलेला शब्द होता आणि तिघांनाही आठवत होता.

"मी सांगणारच होते," सून म्हणाली. "कप्तानकाका गेल्यावर. लपवणार नव्हते."

"माहीत आहे मला."

"मग आता पूर्ण ऐका. तुम्ही म्हणाला होतात, तुमच्या हातून गळालं तर वय झालं. ती दोन्ही सीलं तुम्ही अंगठ्याने बसवलीत. मी वर्षभर बघतेय, मला माहीत आहे. दोन्ही दिवसभर पंधरा पाउंडावर टिकली, काटा हलला नाही. धडधाकट डोळ्यांच्या माणसालाही इतकं नीट जमत नाही. तिथे वय नडलं असतं, तिथे नडलं नाही." तिने कात्रीने पट्टी कापली आणि ते गोल शेपूट त्यांच्या तळहातावर ठेवलं. "ही चूक वयाची नाही, बाबा. ही स्वभावाची आहे. तुम्ही तिशीत असता तरी बांधलीच असतीत."

मग कप्तान म्हणाला, "तिशीत तर जास्तच. माझी पहिली बोट आठवते का रे? नांगराची दोरी तू इतकी सुबक गुंडाळून बांधली होतीस की मी नांगर टाकला तर तो पाण्यापर्यंत पोचलाच नाही. हवेत लटकला."

मिस्त्रींनी रागावण्याचा प्रयत्न केला. चेहऱ्यावर रागाची जुळवाजुळव होते न होते तोच हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता आणि अपमानही झाला होता, आणि दोन्ही एकाच वाक्यात. वयाची त्यांना धास्ती होती. स्वभावाबरोबर ते जन्मभर राहत आले होते.

नवी नळी सुनेने बसवली. मिस्त्री सुकाणूवर होते आणि तिच्या सांगण्यावरून पाय फिरवत होते. पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, वर उचलून, खाली सोडून. प्रत्येक वेळी ती नळीवर खडूची खूण करायची, आणि सगळ्यांत लांबच्या खुणेपुढे आणखी थोडी ढील सोडून तिने नळी कापली. तिची आई काखेत सोडायची तशी. पितळी जोडाची कड तिने बोटाने तपासली, ओरखडा दिसला म्हणून जोडही बदलला. तेल तिने खालून भरलं, म्हणजे आतली हवा वरून निघून जाते. बुडबुडे थांबेपर्यंत थांबली. घाई नाही, थाटमाट नाही. मिस्त्री वरून बघत होते, आणि आपल्याला जे धूसर दिसतं तेही आज चांगलंच दिसतंय असं त्यांना वाटलं.

संध्याकाळच्या आत बोट पाण्यात गेली. कप्तानने धक्क्यापाशी डावीकडे तोडून तीन गोल चकरा मारल्या, उगाचच, खडकांपासून लांब जागा असतानाही. पाणी स्वच्छ होतं. बाटलीतली पातळी सुनेने केलेल्या पेन्सिलच्या खुणेवरच होती. त्याने टोपी उचलून दाखवली आणि पलीकडच्या काठाला निघून गेला.

बोट धक्क्याला असताना मिस्त्रींनी शेवटचं एकदा कड्याच्या मागे हात घातला होता. नवी नळी तिथे सैल लोंबत होती. त्यांचा दुसरा हात आपोआप खिशाकडे गेला आणि पट्टी घेऊन बाहेर आला. सून बघत होती. मिस्त्रींनी पट्टी परत खिशात घातली. नळी तशीच लोंबत राहिली.

वर्कशॉपमध्ये परतल्यावर त्यांनी दिवा लावला. भिंतीभर नळ्या, तारा आणि दोऱ्या आपापल्या पट्ट्यांत गप्प बसल्या होत्या. मिस्त्री त्यांच्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले.

"आणखी काय काय आवळून ठेवलंय मी?" त्यांनी विचारलं.

"यादी आहे माझ्याकडे," सून म्हणाली. "उद्यापासून एकेक सोडवू. तेवढं डोळ्याचं ऑपरेशन मध्ये करून घ्या."

मिस्त्री बाकापाशी गेले. आडवा ठेवलेला पाना त्यांनी उचलला, चाचपून आकृती शोधली आणि तो खिळ्यावर टांगला.